खाडीपाशी रस्ता संपतो

दिघीच्या धक्क्यावर फोनमधल्या नकाशाने मला शांतपणे सांगितलं की मी पाण्यात उभा आहे. मी होतो फेरीबोटीत, सायकलचा पुढचा ब्रेक दाबून धरत, एका टेम्पोच्या आणि तीन मोटरसायकलींच्या मधल्या फटीत. अॅपला बोट हा प्रकार ठाऊक नव्हता. त्याने निळी रेघ मागे वळवून खाडीच्या पार वरच्या टोकापर्यंत नेली आणि तिथून समोरच्या काठावर आणून सोडली. बोटीने पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, रस्त्याने अख्खा दिवस.

मुंबई ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने, रोड बाइकवर. डिसेंबर २०२२ मध्ये चार दिवस सुट्टी टाकून मी हे केलं. कोकणातल्या सायकलस्वारांसाठी हा मार्ग काही नवा नाही, दर हिवाळ्यात शेकडो जण जातात. मलाही जाताना समुद्र, सुरू, सोलकढी एवढंच डोक्यात होतं. पण दुसऱ्या दिवसापासून एक प्रश्न सतावायला लागला, आणि परत आल्यावर त्यापायी मी गॅझेटियरं आणि जुन्या प्रवासवर्णनांचे पीडीएफ वाचत बसलो. प्रश्न साधा होता. हा रस्ता दर चाळीस-पन्नास किलोमीटरला पाण्यात का संपतो?

आधी मला वाटायचं की उत्तरही साधंच आहे: कोकण मागास, सरकारचं लक्ष नाही, पूल बांधले नाहीत. लहानपणापासून हेच ऐकलंय. आजीचं माहेर गुहागर तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या उत्तरेला. तिथे जायचं म्हणजे एसटीत बारा तास, चिपळूणला गाडी बदलणं आणि मळमळ. जगाच्या पाठीवरचं शेवटचं गाव. हे गाव कुणाच्या तरी दृष्टीने मध्यावर असू शकेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रो-रो बोटीत सायकल चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. २०२० पासून ही बोट सुरू आहे, वातानुकूलित, वर कॉफी मिळते. मांडव्याहून सगळे अलिबागला वळतात. मी आधी उलट दिशेला, रेवसच्या जेट्टीवर गेलो. कारण रामदास.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येच्या तोंडावर सणासाठी गावी निघालेली माणसं, त्यात अलिबाग-पेण भागातले नोकरदार, कोळी, व्यापारी, मुलंबाळं, सगळी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या ‘रामदास’ आगबोटीवर चढली. वाटेत काश्याच्या खडकाजवळ पावसावाऱ्यात बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी उचललं. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. लवकरच वर्तमानपत्रांची सगळी पानं दुसऱ्याच बातम्यांनी भरली आणि ही दुर्घटना किनाऱ्यावरच्या घरांपुरती उरली.

रेवसला त्या सकाळी दोन मच्छीवाल्या, एक कुत्रा आणि मी. समोर पलीकडे करंजा दिसत होतं, हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. मी बिस्किटं खाल्ली आणि निघालो.

अलिबाग कान्होजी आंग्र्यांनी वसवलं. त्यांच्याकडे मी परत येणार आहे. अलिबागपासून पाचेक किलोमीटरवर आक्षी लागतं. इथला शिलालेख, वर सूर्य-चंद्र आणि खाली शापवचन कोरलेला, वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून होता. शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. ते वाचन धरलं तर आपल्या भाषेतला आजवर सापडलेला सर्वांत जुना कोरीव मजकूर इथला ठरतो. काही अभ्यासक ती तारीख बरीच पुढची मानतात. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण पुढे दिवेआगरला सापडलेला मराठी ताम्रपटही शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा आहे. मराठीचे इतके जुने दोन पुरावे पुण्यात नाहीत, पैठणात नाहीत. ते एका दिवसाच्या सायकलिंगच्या टप्प्यात, समुद्राकाठच्या दोन खेड्यांत आहेत. तेव्हा ही खेडी आडबाजूला असतील का?

रेवदंड्यात रस्ता सरळ पोर्तुगीजांच्या तटबंदीतून आत शिरतो. एसटीसुद्धा त्याच दरवाजातून जाते. आत पोफळीच्या वाड्या, कुंपणं, विहिरी, आणि मधेच छप्पर उडालेल्या चर्चची एखादी उंच भिंत. रेवदंडा आणि शेजारचं चौल ही खरं तर एकाच जुन्या बंदराची दोन अंगं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तिकेत ‘सेमिल्ला’ म्हणून बंदर येतं, ते हे चौल. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसूदी इथे आला. तो या गावाला सैमूर म्हणतो आणि इथे हजारोंच्या संख्येने राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांबद्दल लिहितो. पंधराव्या शतकात त्वेर गावचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन चौललाच उतरला, तोही विकायला घोडा घेऊन. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात एक स्तंभ उभा आहे. १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना गाठलं ते चौलच्याच पाण्यात. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला.

‘पेरिप्लस’बद्दल जरा थांबून सांगायला हवं. सेमिल्लानंतर तो लेखक दक्षिणेकडची बंदरं ओळीने मोजतो: मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा. यातलं नेमकं कोणतं कुठलं यावर एकमत नाही. मंदगोरा म्हणजे बाणकोट, पालैपत्मै म्हणजे दाभोळ, मेलिझैगारा म्हणजे जयगड असं काहींनी सुचवलंय, काहींनी नाकारलंय. मी ती यादी वाचली तेव्हा मला हसू आलं. कारण माझ्या सायकलच्या हँडलबारला चिकटवलेल्या कागदावर हेच लिहिलेलं होतं: चौल, बाणकोट, दाभोळ, जयगड. मी ती नावं लिहिली ती फेरीबोटी कुठे मिळतात म्हणून. त्याने लिहिली ती माल कुठे उतरतो म्हणून. दोघांच्याही याद्यांना कारण एकच. तिथे नदी समुद्राला मिळते.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून काशीदच्या वाटेवर कोर्लई. या गावातून मी याआधी दोनदा गाडीने गेलो होतो, दोन्ही वेळा झोपेत. सायकलवर झोप लागत नाही. गावातल्या दुकानात पाणी घेताना मागे दोन बायका बोलत होत्या, आणि मला त्यातलं काहीच कळेना. कोकणी वाटावं, पण नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक भाषा बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पोर्तुगीजांनी चौल-कोर्लई मराठ्यांच्या हवाली केलं १७४० मध्ये. राज्य गेलं, पाद्री गेले, व्यापार गेला, आणि हजाराच्या आसपास माणसांच्या तोंडी ती भाषा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली, चहूबाजूंनी मराठी असताना. ती टिकली याचं एक कारण मला त्या रस्त्यावर दिसत होतं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. हा रस्ता डांबरी होईपर्यंत इथे उगाच कोण येणार होतं? दुकानदाराला मी विचारलं, तर तो म्हणाला, “आमची मुलं आता शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी. घरात आईसमोर तेवढी ही.”

मुरूडला मुक्काम केला. जंजिऱ्यावर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी एकच गोष्ट सांगतो. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यावरून जंजिऱ्यापर्यंत समुद्रात दगडांची भर टाकून सेतू बांधायला घेतला होता. मोगली फौज कोकणात उतरली आणि काम अर्ध्यावर सोडावं लागलं. पाण्यावरून चालत जायचा या पट्ट्यातला हा बहुधा सर्वांत धाडसी प्रयत्न. पुढचे तीन दिवस मला अर्धवट पूल दिसणार होते, आणि दर वेळी मला हा सेतू आठवणार होता.

दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी ही बोट, जिथे नकाशाने मला पाण्यात बुडवलं. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. रस्त्याचा हा तुकडा सुंदर आहे, आणि सुंदर तुकड्यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नसतं. पाय चालत राहतात.

मात्र तिसऱ्या दिवशी पायांनीच प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं. बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने सावित्री ओलांडली. खाडीत एका अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे होते, त्यांवर पक्षी बसलेले. मग चढ. केळशीला उतार. पुन्हा चढ. आंजर्ल्याला उतार. ‘किनाऱ्याकिनाऱ्याने’ म्हटलं की सपाट वाटतं, पण संध्याकाळी अॅपने दाखवलेली चढाई एखाद्या घाटाला लाजवेल अशी होती. कोकणातल्या जांभ्याच्या पठाराला रत्नागिरीकडे सडा म्हणतात. सड्यावर रस्ता सपाट आणि रखरखीत. मग नदीने कापलेली दरी येते, रस्ता धाडकन समुद्रसपाटीला उतरतो, गाव, देऊळ, माडांची वाडी, खाडी, आणि पलीकडे पुन्हा तेवढाच चढ. म्हणजे गावं सगळी खाली, पाण्याशी, आणि रस्ता त्यांच्या प्रत्येकाच्या डोक्यावरून उड्या मारत जातो. ज्याने गावं वसवली त्याच्या मनात हा रस्ता नव्हताच.

त्याच्या मनात काय होतं ते नकाशा आडवा धरला की दिसतं. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, आणि भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या भागात महाड. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, आत चिपळूण. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, आत संगमेश्वर. आणखी खाली जैतापूरच्या खाडीतून आत राजापूर, जिथे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. गलबत मुखाशी थांबायचं, माल लहान होड्यांतून भरतीबरोबर आत जायचा, भरती संपते तिथे बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटाने वर देशावर. मीठ, खजूर, कापड, घोडे. वरून धान्य आणि इतर माल खाली. म्हणजे कोकणचे खरे हमरस्ते पूर्व-पश्चिम होते, कंगव्याच्या दात्यांसारखे, आणि त्या सगळ्या दात्यांना जोडणारी दांडी होती समुद्र. मी चार दिवस जे करत होतो ते कंगव्याच्या दात्यांना आडवं जाणं. दर दात्याला अडकणारच.

मला हे कळल्यावर थोडी लाजही वाटली. मी नोकरीत दिवसभर हेच बघतो: जुन्या सिस्टिमवर नवी बसवली की सगळे म्हणतात, जुनी किती वेडीवाकडी लिहिलीय. वेडीवाकडी नसते. ती दुसऱ्याच कामासाठी लिहिलेली असते.

हर्णैला संध्याकाळी पोचलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आता आंग्र्यांकडे येतो. कान्होजी आंग्रे या पाण्यात चालणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावायचे. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. पोर्तुगीज शंभर-दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाने हेच करत होते, त्याला मात्र व्यवस्था म्हणत. १७२९ मध्ये कान्होजी वारले, पुढे मुलांमध्ये घर फुटलं. कुलाब्याला मानाजी, विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडे तुळाजी. तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने माझ्यासमोरच्या त्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि तो पडला. किल्ला पेशव्यांना मिळाला, आणि या सौद्यात बाणकोट इंग्रजांना. त्याला त्यांनी नाव दिलं फोर्ट व्हिक्टोरिया. पुढच्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले, आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून खाक झालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते कायमचे.

मराठीत यावर बरीच भांडणं झाली आहेत, नानासाहेबांची चूक किती आणि तुळाजींची किती. माझं मत विचाराल तर, हा घरचा तंटा होता आणि तो मिटवायला ज्याला बोलावलं त्याला घरच हवं होतं. पुण्यातून पाहताना समुद्र म्हणजे राज्याची सीमा वाटली असावी. हर्णैच्या वाळूत उभं राहून पाहिलं की तो रस्ता दिसतो. तो रस्ता त्या दोन वर्षांत हातातून गेला, आणि ज्यांच्याकडे गेला त्यांनी साठ-बासष्ट वर्षांत पुणंही घेतलं.

हर्णैपासून जवळच दापोलीचं मुरूड, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. कर्व्यांनी आत्मवृत्तात सांगितलेली एक हकिगत तिथल्या चढावर आठवली. १८७५ च्या सुमारास, पावसाळ्याच्या अखेरीला, परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला चालत गेला, शंभर मैलांहून जास्त, नद्या-ओढे ओलांडत, कुंभार्ली घाट चढून. आणि तिथे तपासणाऱ्यांनी त्याला बघून ठरवलं की हा वयाने लहान दिसतो, बसता येणार नाही. तो पुन्हा तसाच परत. शाळेत ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून ऐकली होती. आता त्यात मला भूगोल दिसतो. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे कोकण बंद. नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू उघडणार. मधल्या काळात ज्याला जायचं त्याने पायी जावं.

आगबोटी आल्या आणि हे वेळापत्रक पक्कं झालं. एकोणिसाव्या शतकात शेफर्ड कंपनीच्या बोटी सुरू झाल्या, पुढे तीच बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. स्वदेशीच्या काळात लोकांनी भागभांडवल गोळा करून स्वतःची कंपनी काढली, इंडियन को-ऑपरेटिव्ह. तिला सगळे ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. गिरणगाव याच बोटींनी भरलं. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं इतकी का, याचं उत्तर दारिद्र्यात आहे तितकंच बोटीत आहे. देशावरचा गरीब मुंबईहून दूर होता. कोकणातल्या गरिबाच्या गावासमोरूनच मुंबईची बोट जायची. धोके होतेच. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच वादळात गेल्या. पुढे ‘रामदास’. तरी लोक जात राहिले, कारण दुसरी वाटच नव्हती.

आजीने बोटीच्या गोष्टी मला लहानपणी सांगितल्या होत्या. तेव्हा लक्ष दिलं नाही, परत आल्यावर रेकॉर्डिंग करून घेतल्या. बोट जयगडच्या बंदरात लांब उभी राहायची. काठावरून पडावात बसायचं, पडाव लाटांवर वर-खाली होताना खलाशी मुलांना बखोटीला धरून वर फेकल्यासारखे चढवायचे. डेकवर तेलाचा वास, कोंबड्या, फणस, ओकणारी माणसं. तिच्या आईने पदराच्या गाठीत आवळासुपारी ठेवलेली. “रात्री बसलो की सकाळी भाऊचा धक्का,” ती म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं, एका रात्रीत? एका रात्रीत. तिच्या नातवाला एसटीने बारा तास लागत होते.

आणि तिथेच माझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर होतं. एसटी आली, मुंबई-गोवा महामार्ग झाला. हा महामार्ग समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूने जातो. पेण, महाड, चिपळूण, संगमेश्वर. म्हणजे कंगव्याची दांडी समुद्रावरून उचलून दात्यांच्या दुसऱ्या टोकाला लावली. जी गावं तोंडाशी होती ती एका फटक्यात शेपटाला गेली. आगबोटी रोडावल्या. शेवटी ‘कोकण शक्ती’, ‘कोकण सेवक’ ही मुंबई-गोवा जहाजं तेवढी उरली, १९८० च्या दशकानंतर तीही नाहीत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही आतूनच. आजीचं गाव दूर होतं असं मी समजत होतो. ते दूर झालं होतं, बऱ्यापैकी अलीकडे, माझ्या वडिलांच्या लहानपणी.

चौथ्या दिवशी दाभोळ. १५०८ च्या डिसेंबरात, चौलला मारल्या गेलेल्या मुलाच्या सूडासाठी निघालेल्या व्हाइसरॉयने, फ्रान्सिस्को दे अल्मेइदाने, हे गाव जाळलं, माणसं सरसकट कापली. आज धक्क्याजवळची आदिलशाही काळातली मशीद सोडली तर त्या वैभवाचं चिन्ह शोधावं लागतं. १९९० च्या दशकात दाभोळ हे नाव पुन्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं ते एन्‍रॉनमुळे. तो प्रकल्प खरं तर खाडीच्या पलीकडे, गुहागरच्या बाजूला आहे. नाव मात्र दाभोळचं लागलं, बहुधा ते आधीपासून लोकांच्या तोंडी होतं म्हणून. इथली दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासूनची. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर चिपळूणवरून वळसा.

गुहागर, पालशेत, हेदवी, आणि दुपारी चारला तवसाळची जेट्टी. समोर जयगड, किल्ला, आणि अलीकडच्या मोठ्या बंदराच्या क्रेन. पेरिप्लसवाल्याने मेलिझैगारा म्हटलं ते हे असेल तर माल उतरायचं काम इथे पुन्हा सुरू झालंय, फक्त आता कोळशाने.

बोट पलीकडे होती. स्कूटरवर बसलेल्या एक ताई शेजारी थांबल्या होत्या, मांडीवर डबा. पलीकडच्या बाजूला नोकरी करतात, रोज ये-जा. सायकल बघून चौकशी केली. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की सगळ्या फेरीबोटी करत आलोय, आणि आता सागरी महामार्गाचे पूल होणार म्हणतात, मग ही मजा जाईल. रेवस ते रेडी हा किनारी रस्ता अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, बोलला जातोय. आता मोठ्या खाड्यांवरचे पूल खरोखरच कागदावरून पुढे सरकू लागलेत.

ताई म्हणाल्या, “दादा, तुम्ही एकदा जाता. आम्हाला रोज घड्याळ बघावं लागतं. शेवटची बोट सुटली की रात्री ताप आला तरी अंगावर काढायचा.”

मी गप्प बसलो. कारण याची एक गोष्ट आमच्याही घरात आहे, आणि मी ती विसरून बोललो होतो. आजीची धाकटी वहिनी १९६८ च्या पावसाळ्यात बाळंतपणात गेली. रात्री अडली. खाडीच्या पलीकडून रत्नागिरी जवळ, पण खाडीला पूर, तरवाला होडी घालेना, आणि त्याचं चुकलं असं आजीसुद्धा म्हणत नाही. आगबोटी पावसाळ्यात बंदच. मग डोली करून उलट दिशेला, चिपळूणकडे नेत होते. वाटेतल्या एका सड्यावर ती गेली. सकाळी मी त्याच सड्यांपैकी कुठल्या तरी एकावर थांबून सेल्फी काढला होता. कुठल्या ते मला ठाऊक नाही, आजीलाही नाही.

बोट लागली, दार खाली आलं, टेम्पो उतरले. आम्ही चढलो. तिकीट फाडणाऱ्या मुलाने सायकलचे किती घ्यायचे ते वरच्या माणसाला ओरडून विचारलं. ताई पलीकडे उतरल्या आणि हात करून गेल्या. जयगडचा चढ कठीण आहे, मी शेवटचा टप्पा उतरून चाललो.

वर सड्यावर रेंज आली तेव्हा आजीला फोन केला. जयगडला आलो, म्हटलं, आत्ताच बोटीने खाडी ओलांडली.

“बोट लागली का रे तुला?” तिने विचारलं.

नाही म्हटलं, पंधरा मिनिटांची तर होती.

“मग ठीक,” ती म्हणाली. “काळोख व्हायच्या आत रत्नागिरीला पोच.”